नऊ एक्क्यांचा वर्ग : १२३४५६७८९८७६५४३२१

फोंडेकर_मास्तर

आमच्या वाड्यावरच्या व्हॉट्सॲप गटात सध्या एक निरोप फिरतोय. '१११११११११ ला त्याच संख्येने गुणा आणि चमत्कार पाहा, उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१ येतं. असं का होतं ते आजवर कुणालाही सांगता आलेलं नाही.' गुणाकार बरोबर आहे. शेवटचं वाक्य मात्र धादांत खोटं आहे आणि ते वाचून मला राग आला. का होतं ते चौथीतलं पोरसुद्धा वही-पेन्सिल घेऊन समजू शकतं. म्हणून हा धागा काढतोय.

चौकटीच्या वहीवर आधी छोटं उदाहरण मांडू. १११ गुणिले १११ :

१ १ १
१ १ १ ०
१ १ १ ० ०

वहीत या ओळी उजव्या कडेला जुळवून लिहा, म्हणजे एककाखाली एकक, दशकाखाली दशक. आता रकाने मोजा. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एक एक्का, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, मग पुन्हा दोन, शेवटी एक. उत्तर १२३२१. इथे बेरीज म्हणजे नुसती मोजणी आहे. एक्के नऊ घेतले की नऊ ओळी होतात, दर ओळ एक घर डावीकडे सरकते आणि मधल्या रकान्यात नेमके नऊ एक्के एकाखाली एक येतात. नऊ हा एकाच घरात मावणारा सगळ्यात मोठा अंक, त्यामुळे पूर्ण गुणाकारात एकदाही हातचा येत नाही. चढती-उतरती माळ दिसते ती त्यामुळे.

दहा एक्के घेऊन बघा. मधल्या रकान्यात दहा येतात, शून्य लिहून हातचा एक. शेजारच्या रकान्यातले नऊ त्या हातच्यामुळे दहा होतात, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. पुढच्या आठाचे नऊ होतात आणि तिथे हातचा थांबतो. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. उजवी बाजू शाबूत आहे, डावीकडचा आठ गेला. माळ कुठे तुटते आणि का तुटते ते आधीच सांगता येतं. मग 'कुणालाही सांगता आलेलं नाही' असं कशाला म्हणायचं?

संख्या वाचायची तर एक कोटी तेवीस लाख पंचेचाळीस हजार सहाशे अठ्ठ्याहत्तर अब्ज, अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख, चोपन्न हजार, तीनशे एकवीस. एवढे सेकंद मोजायला घेतले तर साधारण ३९ कोटी वर्षं लागतील.

या सतरा अंकी संख्येत अजून बरंच काही आहे. जाणकारांनी भर घालावी. उद्या विभाजकांबद्दल लिहितो.

---

दिवली

मास्तर, मांडणी एकदम आवडली. नातवाला दाखवली, त्याने पाच एक्क्यांपर्यंत स्वतः करून पाहिलं. पण एक विचारते. लोकांना त्यात चमत्कार वाटला तर वाटू दे की. कुणी चांगल्या भावनेने पाठवतं, बघणाऱ्याला आनंद होतो. एवढं चिडण्यासारखं त्यात काय?

---

फोंडेकर_मास्तर

दिवलीताई, आनंदाला माझी हरकत मुळीच नाही. मलाही तो झाला, आजही होतो. हरकत त्या एका वाक्याला आहे. 'कुणाला कळलेलं नाही' असं छापून आलं की पोर वही उघडतच नाही. तुमच्या नातवाने पाच एक्क्यांपर्यंत स्वतः केलं, तेव्हा सहाव्याचं उत्तर त्याने न गुणताच सांगितलं असेल. हा आनंद निरोप वाचून मिळणाऱ्या आनंदापेक्षा मोठा आहे असं मला मनापासून वाटतं.

---

दिवली

हो, सहाव्याचं त्याने लगेच सांगितलं!

---

दहावी_अ_पेडणे

नमस्कार. आमच्या शाळेत २२ डिसेंबरला गणित दिनाचं भित्तिपत्रक असतं, त्यात ही संख्या घ्यायचा विचार आहे. पण एक घोटाळा आहे. बाबांच्या लॅपटॉपवर स्प्रेडशीटमध्ये गुणाकार केला तर १२३४५६७८९८७६५४३०० येतं. शाळेच्या संगणकावर ब्राउझरमध्ये प्रोग्रॅम लिहून केला तर १२३४५६७८९८७६५४३२० येतं. दुकानातल्या बारा अंकी कॅलक्युलेटरवर नुसतं 'ई' येतं. सरांनी वर ३२१ लिहिलंय. तीन ठिकाणी तीन उत्तरं, मग खरं कुठलं धरायचं?

---

फोंडेकर_मास्तर

बाळा, फार चांगला प्रश्न विचारलास. संगणकाला हात न लावता निकाल लावू.

पहिली कसोटी अगदी सोपी. दोन्ही संख्यांचा एकक १ आहे, एक एके एक, म्हणून उत्तराचा एकक १ च असायला हवा. शेवटी शून्य येणं शक्यच नाही.

दुसरी कसोटी नवाची. १११११११११ च्या अंकांची बेरीज ९, म्हणून तिला नवाने भाग जातो. तिच्या वर्गाला ८१ ने भाग गेलाच पाहिजे, निदान नवाने तरी जायलाच हवा. ३२१ ने संपणाऱ्या उत्तराच्या अंकांची बेरीज कर. एक ते नऊ ४५, आठ ते एक ३६, मिळून ८१. बसलं. ३२० ने संपणाऱ्याची ८० आणि ३०० ने संपणाऱ्याची ७८. दोघांनाही नवाने भाग जात नाही, दोन्ही बाद. पूर्वी पेढीवरचे लोक लांबलचक गुणाकार असेच तपासून घेत.

---

सर्व्हर_रूम

पर्वरीहून लिहितोय, काम सॉफ्टवेअरचं. दोन यंत्रं दोन वेगळी चुकीची उत्तरं का देतात ते सांगतो.

बहुतेक प्रोग्रॅम संख्या ६४ बिटांच्या 'डबल' प्रकारात ठेवतात (बिट म्हणजे ० किंवा १ मावेल असं एक घर). त्यातले ५३ बिट प्रत्यक्ष अंकांसाठी असतात. त्यामुळे २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, इथपर्यंत प्रत्येक पूर्णांक बिनचूक बसतो. त्यापुढे २ च्या ५४ व्या घातापर्यंत फक्त सम संख्यांनाच जागा आहे, विषम संख्या साठवताच येत नाही. आपली संख्या नेमकी या पट्ट्यात पडते आणि ती विषम आहे. शेजारच्या सम संख्या दोन, ३२० ने संपणारी आणि ३२२ ने संपणारी, दोन्ही सारख्याच अंतरावर. अशा बरोबरीच्या वेळी ज्या संख्येच्या साठवलेल्या ५३ बिटांतला शेवटचा बिट शून्य असतो ती घ्यायची असा नियम आहे, त्या नियमाने ३२० निवडली जाते.

स्प्रेडशीटचं कारण याहून साधं. ती पंधरा अंक जपते आणि पुढच्या जागी शून्यं भरते. सतरातले शेवटचे दोन गेले, म्हणून ३००.

पेडण्याच्या मित्राला सांगायचं तर पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत १११११११११ चा वर्ग कर. तिथे पूर्णांक हवा तेवढा लांब ठेवता येतो, शेवटचा एकसुद्धा नीट येईल.

---

देवचाफा

सर्व्हर_रूम यांनी लिहिलं ते अगदी रोजच्या कामातलं आहे. मी डिचोलीकडे एका पतसंस्थेत आहे. सोळा अंकी कार्ड क्रमांक किंवा लांब खाते क्रमांक स्प्रेडशीटमध्ये टाकला की शेवटचा अंक शून्य होऊन बसतो. स्क्रीनवर क्रमांक ठीकठाक दिसतो, त्यामुळे चटकन लक्षात येत नाही. आम्ही नवीन मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो की आधी कॉलम टेक्स्ट करून घ्या, मगच क्रमांक टाका. एकदा शून्य झालं की नंतर टेक्स्ट करून गेलेला अंक परत मिळत नाही.

---

फोंडेकर_मास्तर

काल म्हटल्याप्रमाणे विभाजकांकडे वळतो.

नऊ एक्के तीन-तीनच्या गटात पाहा : १११ १११ १११. म्हणजे १११ × १००१००१. जुन्या लोकांना ३७ चा पाढा पाठ असे, सदतीस त्रिक एकशे अकरा. म्हणून १११ = ३ × ३७. आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. एकूण

१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७

वर्ग केला की प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येतो : ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. विभाजक मोजायचे तर ३ शून्य ते चार वेळा घेण्याच्या पाच रीती, ३७ च्या तीन, ३३३६६७ च्या तीन. पाच त्रिक पंधरा, पंधरा त्रिक पंचेचाळीस. या संख्येला बरोबर ४५ विभाजक आहेत. ४५ विषम आहे, कारण पूर्ण वर्गात मधला विभाजक स्वतःचाच जोडीदार असतो. इथे तो १११११११११.

एक गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटते. १११ चा वर्ग १२३२१. १००१००१ चा वर्ग १००२००३००२००१, म्हणजे तेच १, २, ३, २, १, फक्त मधे शून्यं पेरलेली. आता या दोघांचा गुणाकार मांडा :

१२३२१
२४६४२०००
३६९६३००००००
२४६४२०००००००००
१२३२१००००००००००००

उजवी कड जुळवून बेरीज केली की १२३४५६७८९८७६५४३२१. छोटी माळ मोठ्या माळेत गुंफली जाते. ही बेरीज हाताने जरूर करा, इथेही एकदाही हातचा येत नाही ते बघण्यासारखं आहे.

आणि ३३३६६७ चा वर्ग? १११३३३६६६८८९. कागदावर लिहून थोडा वेळ नुसता बघत बसा.

---

अबोली

मास्तर, ३३३६६७ ही मूळसंख्याच आहे हे कशावरून? तुम्ही तशी धरून विभाजक मोजलेत. तिचेही अवयव पडले तर ४५ चा आकडा बदलेल.

---

जुवारी

अबोलीबाय, शंका रास्त आहे. मडगावहून मी उत्तर देतो, मास्तरांची परवानगी गृहीत धरून.

३३३६६७ चं वर्गमूळ ५७७ आणि ५७८ च्या मधे येतं, म्हणून ५७७ पर्यंतच्या मूळसंख्यांनी भाग देऊन पाहावा लागेल. अशा संख्या शंभरावर आहेत. पण फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० मध्ये सांगितलेला एक नियम वापरला तर काम फारच कमी होतं.

नियम असा. प ही मूळसंख्या असेल आणि १० ला तिने भाग जात नसेल, तर १० चा (प − १) वा घात भागिले प, बाकी १ उरते. आता समजा प ने ३३३६६७ ला भाग जातो. मग प ने ९९९९९९९९९ लाही भाग जातो, म्हणजे १० च्या नवव्या घाताला प ने भागून बाकी १. बाकी १ देणारा १० चा सर्वांत लहान घात नवाचा विभाजक असतो, म्हणजे १, ३ किंवा ९. तो १ किंवा ३ असता तर प ने ९९९ ला भाग गेला असता, आणि ९९९ चे मूळ अवयव फक्त ३ आणि ३७. ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, म्हणून ३ बाद. ३७ ने भागलं तर बाकी १, तोही बाद. उरला ९. म्हणजे (प − १) ला ९ ने भाग जायला हवा, आणि प विषम असल्याने १८ नेही.

अठराच्या पटीत एक मिळवून होणाऱ्या, ५७७ पर्यंतच्या मूळसंख्या ३७ सोडून अशा : १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. फक्त सोळा भागाकार. १९ ने बाकी ८, १६३ ने बाकी ६, ५७७ ने बाकी १६१, कुठेही शून्य येत नाही. बाकीचे भागाकार तुम्ही करा, पावसात संध्याकाळी वीज गेली की मेणबत्तीच्या उजेडातही होतात. ३३३६६७ मूळसंख्या आहे, ४५ चा आकडा पक्का.

---

अबोली

सोळाच्या सोळा केले. एकही शून्य नाही. देव बरें करूं, जुवारीबाब.

---

दूधसागर

विषय निघालाच आहे तर जुन्या मंडळींना विसरू नये. महावीराचार्य, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले जैन गणिती, इसवी सन ८५० च्या आसपास. त्यांच्या 'गणितसारसंग्रह' या ग्रंथात गुणाकाराची उदाहरणं अशी निवडली आहेत की उत्तर गळ्यातल्या हारासारखं दिसावं, दोन्ही बाजूंनी सारखं. त्यातली काही देतो, सगळी हाताने पडताळून पाहता येतात :

१२३४५६७९ × ९ = १११११११११
१५२२०७ × ७३ = ११११११११
१४२८५७१४३ × ७ = १००००००००१ (मधे सलग आठ शून्यं)
२७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१

शेवटचं उदाहरण नीट पाहा. १२३४५६५४३२१ म्हणजे सहा एक्क्यांचा वर्ग. ४४१ हा २१ चा वर्ग, २७९९४६८१ हा ५२९१ चा, आणि ५२९१ × २१ = ११११११. अकराशे वर्षांपूर्वी माणसाने हे बसवलं, तेही विद्यार्थ्याला गुणाकाराचा सराव गोड वाटावा म्हणून. हा ग्रंथ रंगाचार्यांनी इंग्रजी भाषांतरासह १९१२ मध्ये मद्रासला छापून आणला.

दुसरे आपले कापरेकर. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ चा डहाणूचा, आयुष्यभर देवळालीला शाळामास्तर. ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'मुळे त्यांचं नाव जगभर झालं. पण १, १२१, १२३२१ या कुटुंबाचाही त्यांनी अभ्यास केला आणि त्या संख्यांना 'डेम्लो संख्या' म्हटलं. जीआयपी (आताच्या मध्य) रेल्वेवरच्या ज्या स्टेशनात ही कल्पना सुचली त्याच्या नावावरून हे नाव, तेच आताचं डोंबिवली. शिकवणी आणि शाळा सांभाळून, कुठल्याही मोठ्या पदवीशिवाय हा माणूस अंकांशी रमला. मराठी माणसाने हे नाव घराघरात पोचवायला हवं असं मला कळकळीने वाटतं.

---

दहावी_अ_पेडणे

दूधसागर काका, १२३४५६७९ मध्ये ८ कुठे गेला? छापताना राहिला का?

---

दूधसागर

नाही, तिथे ८ नसतोच. मास्तरांनी दहा एक्क्यांचं जे सांगितलं तेच कारण इथेही लागू पडतं. १ ला ८१ ने भागलं तर ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... असं चालू राहतं. खरं तर तिथे १, २, ३ असे ओळीने सगळे आकडे यायला निघालेले असतात. ९ नंतर १० येतो, त्याचा हातचा नवावर जातो, नवाचे दहा होतात, त्यांचा हातचा आठावर जातो आणि आठाचे नऊ होतात. आठ अशा रीतीने नाहीसा होतो. लांब भागाकार करून पाहा, ८१ चा पाढा शेजारी लिहून ठेव.

---

जुवारी

पायथागोरसच्या बाजूने कुणी गेलं नाही म्हणून मी जातो.

३७ या मूळसंख्येला ४ ने भागलं तर बाकी १ उरते. अशी मूळसंख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते. ३७ = ३६ + १. आणि ३७ च्या वर्गाचं १२ चा वर्ग अधिक ३५ चा वर्ग होतं, १४४ अधिक १२२५, बरोबर १३६९. सगळं तिप्पट करा : ३६, १०५, १११. पडताळा, १२९६ + ११०२५ = १२३२१. आता सगळ्यांना १००१००१ ने गुणा :

३६०३६०३६ चा वर्ग + १०५१०५१०५ चा वर्ग = १११११११११ चा वर्ग

म्हणजे कर्ण नऊ एक्क्यांचा आणि बाकी दोन्ही बाजूही तालात, ३६-०३६-०३६ आणि १०५-१०५-१०५. मला हे सापडलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. शिवाय हा काटकोन त्रिकोण एकुलता एक आहे. ३ आणि ३३३६६७ यांना ४ ने भागलं तर बाकी ३ येते, त्यांच्याकडून नवीन जोडी निघू शकत नाही. पूर्णांक बाजूंचा आणि नऊ एक्क्यांच्या कर्णाचा दुसरा त्रिकोण कुणालाही काढता येणार नाही.

---

तिसवाडी_नाका

अंकांची बेरीज ८१, ८ आणि १ नऊ. मूलांक नऊ असलेली संख्या शुभ मानतात. एवढी मोठी संख्या आणि मूलांक नेमका नऊ, हा योगायोग म्हणायचा का?

---

फोंडेकर_मास्तर

योगायोग नाही. १० ला ९ ने भागलं की बाकी १. १००, १०००, पुढे कितीही शून्यं लावा, बाकी १ च. म्हणून कुठल्याही संख्येला नवाने भागून उरणारी बाकी तिच्या अंकांच्या बेरजेवरूनच ठरते. नवाच्या प्रत्येक पटीचा मूलांक नऊ येतो. १८ चा नऊ, कदंबा बसच्या १२६ रुपयांच्या तिकिटाचाही नऊ. आपण सात बोटांनी मोजत असतो तर हाच मान सहाला मिळाला असता. श्रद्धेबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण या बेरजेचं कारण एवढंच आहे.

---

सर्व्हर_रूम

मास्तरांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. संगणकवाले आठ अंकांच्या पद्धतीतही मोजतात, तिथे सगळ्यात मोठा अंक ७. त्या पद्धतीत सात एक्क्यांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असा येतो आणि आठव्या एक्क्याला माळ तुटते. सोळाच्या पद्धतीत नवानंतर ए, बी, सी, डी, ई, एफ हे अंक असतात. तिथे पंधरा एक्क्यांपर्यंत माळ टिकते, शिखरावर एफ. म्हणजे नवावर थांबणं हा दहाच्या पद्धतीचा गुण आहे. चढउतार मात्र सगळीकडे तोच.

---

दहावी_अ_पेडणे

भित्तिपत्रकासाठी आता खूप झालं. शेवटचे दोन प्रश्न. नुसत्या एक्क्यांची संख्या कधी मूळसंख्या असते का? आणि नुसत्या एक्क्यांची संख्या स्वतः पूर्ण वर्ग असू शकते का?

---

जुवारी

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, ते लहान आहे. १ सोडून कधीच नाही. ११ ने संपणाऱ्या संख्येला ४ ने भागलं तर बाकी ३ राहते. पूर्ण वर्गाला ४ ने भागलं तर बाकी ० किंवा १ च राहते. संपलं.

पहिल्याचं उत्तर हो, पण फार क्वचित. एक्के किती आहेत तो आकडा संयुक्त (मूळ नसलेला) असेल तर गटांत तोडून अवयव मिळतातच, जसे नऊ एक्क्यांचे तीनच्या गटांनी मिळाले. म्हणून आशा धरायची ती मूळसंख्येइतके एक्के असतील तेव्हाच, आणि तेवढंही पुरत नाही. तीन एक्के, पाच एक्के (४१ × २७१), सात एक्के (२३९ × ४६४९) सगळे फुटतात. दोन एक्के म्हणजे ११ मूळसंख्या. त्यानंतर एकदम १९ एक्के, मग २३, मग ३१७, मग १०३१. ही १०३१ अंकांची संख्या मूळ असल्याचं विल्यम्स आणि डब्नर यांनी १९८६ मध्ये सिद्ध करून छापलं.

भित्तिपत्रकाच्या कोपऱ्यात आणखी एक घाल. आपल्या संख्येत नवानंतर १० घुसव आणि मग नऊपासून खाली उतर : १२३४५६७८९१०९८७६५४३२१. ही वीस अंकी संख्या मूळसंख्या आहे. आपली ४५ विभाजकांची, आणि मधे दहा आला की एकही अवयव नाही.

---

अबोली

गोव्याचं नावही भित्तिपत्रकात येऊ दे. दामोदर धर्मानंद कोसंबींचा जन्म १९०७ मध्ये कोसबेनला झाला. लोक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतात, पण पेशाने ते गणिती होते आणि शेवटच्या काळात मूळसंख्यांवर काम करत होते. पणजीत त्यांच्या नावाने विचार महोत्सव होतो, तिथे जाणाऱ्या मुलांना त्यांची ही बाजूही ठाऊक असायला हवी.

---

फोंडेकर_मास्तर

अबोलीबाय, कोसंबींचं नक्की घालूया.

पेडण्याच्या मुला, भित्तिपत्रकावर नऊ ओळींचा पूर्ण गुणाकार चौकटीच्या कागदावर मोठ्या अक्षरात काढ, मधला रकाना वेगळ्या रंगात रंगव. शेजारी संगणकाची दोन चुकीची उत्तरं लिही आणि खाली नवाची कसोटी. येणाऱ्याला उत्तर सांगू नकोस, कुठलं खरं ते त्यालाच शोधू दे. जुवारींचा त्रिकोण नववी-दहावीच्या मुलांसाठी ठेव.

आणि तुझ्यासाठी एक काम. अकरा एक्के, १११११११११११, मूळसंख्या नाही. जुवारींनी वापरलेला फर्माचा नियमच लाव. इथे घात अकराचा आहे, म्हणून अवयव २२ च्या पटीत एक मिळवून येतो. वही भरपूर लागेल, कारण पहिला अवयव वीस हजारांच्या पुढे आहे. सापडला की इथेच लिही.

---

दहावी_अ_पेडणे

पायथॉनमध्ये २२-२२ च्या उड्या मारत शोधला. २१६४९ × ५१३२३९. मग हा गुणाकार वहीत हाताने केला, अकराच्या अकरा एक्के आले.